घरी विंडोज, लॅबमध्ये लिनक्स: एफपीजीएचं एकच काम दोन्हीकडे कसं चालवायचं

प्रश्न थोडक्यात असा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बेसिस ३ या एफपीजीए बोर्डावर (एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशी चिप) चालू आहे. डोंबिवलीला घरी विंडोज ११चा लॅपटॉप आहे, रॅम १६ जीबी. कॉलेजच्या लॅबमधली मशीन उबुंटू २२.०४वर आहेत. विवाडो हे एफपीजीएचं डिझाइन बनवायचं सॉफ्टवेअर; त्यातला घरी नीट चालणारा प्रोजेक्ट लॅबमध्ये उघडताना एरर देतो, उघडलाच तर आयपी (डिझाइनमध्ये वापरायचे तयार ब्लॉक) लॉक झालेले दिसतात, आणि लॅबच्या मशीनला बोर्ड जोडला तरी सापडत नाही. डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) वापरावं, की सगळं एकाच सिस्टिमवर न्यावं? शिवाय गटातल्या एकाने लॅमिंग्टन रोडवरून जुना स्पार्टन-६ बोर्ड आणलाय, त्याचं काय करायचं?

सगळं एकाच सिस्टिमवर नेऊ नका. त्याची गरज नाही, आणि पुढे नोकरीत तशी सोय मिळेलच असंही नाही. महापेला मी ज्या प्रकारचं काम करतो तिथे सिंथेसिस (कोडचं सर्किट बनवणं) आणि प्लेस-अँड-रूट (ते चिपवर मांडून जोडणं) लिनक्स सर्व्हरवर चालतं, आणि बोर्ड मात्र कुणाच्या तरी टेबलावर विंडोज लॅपटॉपला जोडलेला असतो. दोन्ही सिस्टिम एकत्र नांदतात. तुमची खरी अडचण वेगळी आहे: तुम्ही प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर उचलून इकडून तिकडे नेताय.

तो फोल्डर म्हणजे तुमचं डिझाइन नव्हे. त्या मशीनवरच्या त्या विवाडोने स्वतःच्या सोयीसाठी मांडलेला तो पसारा आहे. तुमचं डिझाइन म्हणजे व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या हार्डवेअरच्या भाषांतल्या फाइली, पिन आणि क्लॉक सांगणारी एक्सडीसी फाइल, आयपीच्या एक्ससीआय फाइली, मेमरीत भरायचा डेटा, आणि हे सगळं जोडून प्रोजेक्ट उभा करणारी एक टिकल (विवाडोला आज्ञा द्यायची भाषा) स्क्रिप्ट. एवढंच गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. रन, कॅश, जनरेट झालेला कोड, विवाडोची एक्सपीआर ही प्रोजेक्ट फाइल, यातलं काहीही नेऊ नका. दोन्ही ठिकाणी स्क्रिप्ट चालवा, प्रोजेक्ट तिथल्या तिथे नव्याने बनू द्या. बाकीचं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

टिकल येत नाही म्हणून अडू नका. विवाडोत तुम्ही माउसने जे जे करता, त्याची टिकल ओळ जर्नल फाइलीत लिहिली जाते. विवाडो जिथून सुरू केला त्या फोल्डरमध्ये जेओयू एक्स्टेन्शनची फाइल पडलेली असते, ती उघडा. नवा प्रोजेक्ट बनवणं, फाइली जोडणं, टॉप मॉड्यूल ठरवणं, सिंथेसिस सोडणं, सगळं तिथे क्रमाने दिसेल. त्यातल्या कामाच्या ओळी उचलल्या की तुमची स्क्रिप्ट निम्मी तयार झाली. दुसरा मार्ग फाइल मेन्यूत प्रोजेक्टखाली आहे, तिथून विवाडो अख्ख्या प्रोजेक्टची टिकल काढून देतो. ती स्क्रिप्ट लांबलचक असते आणि तिच्यात तुमच्या मशीनचे पाथ शिरलेले असू शकतात, म्हणून गिटमध्ये टाकण्याआधी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. मी स्वतः जर्नलवरून हाताने लिहिलेली छोटी स्क्रिप्ट पसंत करतो. ती सहा महिन्यांनी उघडली तरी समजते.

आता आयपी लॉक. याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन मशीनवर विवाडोच्या दोन वेगळ्या आवृत्त्या. नवी आवृत्ती जुना आयपी उघडते, पण तो अपग्रेड करायला लावते, आणि एकदा अपग्रेड केला की जुनी आवृत्ती त्याला हात लावत नाही. परतीची वाट नसते. म्हणून गटात सर्वांनी आवृत्ती एकच ठेवायची, आणि ती लॅबमध्ये आहे ती. लॅबचं मशीन बदलणं तुमच्या हातात नाही, लॅपटॉपवर तीच आवृत्ती बसवणं आहे. बसवताना फक्त ७-सिरीजची डिव्हाइसं निवडा. सगळी निवडलीत तर डिस्कवरची १०० जीबीहून जास्त जागा जाईल, आणि तुम्हाला लागतो फक्त बेसिस ३वरचा आर्टिक्स-७. परवान्याची काळजी करू नका, बेसिस ३वरची ३५टी चिप विवाडोच्या मोफत स्टँडर्ड आवृत्तीत येते.

लॅबमध्ये प्रोजेक्ट उघडतानाच एरर येतो त्याचं मला सगळ्यात दाट संशय असलेलं कारण म्हणजे बोर्ड फाइली. प्रोजेक्ट बनवताना तुम्ही यादीतून 'बेसिस ३' निवडलं असणार. ती नोंद बोर्ड बनवणाऱ्या डिजिलंटच्या बोर्ड फाइलींवर टेकलेली असते, आणि त्या घरी तुमच्या युजर फोल्डरमध्ये उतरल्या आहेत, लॅबच्या मशीनवर नाहीत. ब्लॉक डिझाइनमध्ये बोर्डाचे तयार इंटरफेस वापरत नसाल तर सोपा उपाय करा: स्क्रिप्टमध्ये बोर्डाचं नाव न घालता थेट पार्ट नंबर लिहा, म्हणजे एक्ससी७ए३५टी, पॅकेज सीपीजी२३६, स्पीड ग्रेड उणे १. पिनची माहिती तशीही एक्सडीसीमध्येच आहे. बोर्ड फाइली लागतच असतील तर त्याही गिटमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच विवाडोला बोर्ड फाइलींचा तो फोल्डर दाखवा.

पाथबद्दल जरा थांबून लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो आणि एरर मेसेज मात्र भलतीकडेच बोट दाखवतो.

विंडोजवर पाथची पारंपरिक मर्यादा २६० अक्षरांची आहे. विवाडो आयपी जनरेट करताना फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर असं खोल उतरतं. तुमचा प्रोजेक्ट आधीच डॉक्युमेंट्समध्ये, त्यात 'फायनल इयर', त्यात 'नवीन', असा ठेवलेला असेल तर ही मर्यादा पटकन संपते. विंडोज ११मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हमध्ये वळवलेले असतात. तिथे तर प्रोजेक्ट ठेवूच नका. रन चालू असताना वनड्राइव्ह त्याच फाइली अपलोड करायला धरतं आणि विवाडोला लिहिता येत नाही. एकदा एरर, दुसऱ्यांदा काहीच नाही, असा प्रकार दिसला की पहिला संशय इथेच घ्यायचा. सी ड्राइव्हच्या मुळाशी एक-दोन अक्षरांच्या नावाचा फोल्डर करा आणि काम तिथे चालवा. नावात स्पेस नको, आणि मनापासून सांगतो, देवनागरीही नको. विंडोजचं युजरनेम मराठीत ठेवलेलं असेल तर टेम्प फोल्डरचा पाथही मराठीत होतो, आणि ही टूल्स त्यावर अडखळतात. आपली भाषा कमेंटमध्ये लिहा, पाथमध्ये नको.

स्क्रिप्टमध्ये पाथ लिहिताना नेहमी साधा स्लॅश वापरा, विंडोजवरसुद्धा. विंडोजचा उलटा स्लॅश टिकलमध्ये विशेष अर्थाचा आहे. अवतरणात सी ड्राइव्ह, त्यात 'टेम्प', त्यात 'न्यू' असा पाथ उलट्या स्लॅशने लिहिला तर टिकल 'टी'च्या जागी टॅब घालतं आणि 'एन'च्या जागी नवी ओळ. फाइल डोळ्यांसमोर दिसतेय आणि टूल म्हणतंय सापडत नाही, हे बऱ्याचदा यामुळे होतं. आणि पूर्ण पाथ लिहायचाच नाही. स्क्रिप्ट स्वतः ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून पुढचा सापेक्ष पाथ घ्यायचा.

मेमरीच्या डेटाचं एक उदाहरण जवळून बघा. समजा तुम्ही व्हीजीएवर अक्षरं दाखवताय आणि फाँटची रॉम रीडमेमएच या व्हेरिलॉगच्या आज्ञेने भरताय. त्यात घरचा सी ड्राइव्हचा पाथ लिहिलेला आहे. लॅबमध्ये लिनक्सवर ती फाइल नाही. विवाडो थांबत नाही, क्रिटिकल वॉर्निंग देऊन पुढे जातो. सिंथेसिस पूर्ण, इम्प्लिमेंटेशन पूर्ण, टायमिंग हिरवं, बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची अंतिम फाइल) तयार. बोर्डावर मात्र स्क्रीन कोरी. तुम्ही मग सिंक पल्स तपासत बसता. उपाय असा: डेटाची फाइल एमईएम एक्स्टेन्शनने प्रोजेक्टमध्ये सोर्स म्हणून जोडा आणि कोडमध्ये फक्त तिचं नाव लिहा, पाथ नको. मग सिंथेसिस आणि सिम्युलेशन दोन्हींना ती सापडते. आणि क्रिटिकल वॉर्निंग दर वेळी वाचत जा. साध्या वॉर्निंगचा ढीग असतो हे खरं, पण क्रिटिकल मोजक्याच असतात.

लहान-मोठ्या अक्षरांचा प्रश्न याचाच भाऊ. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल एकच वाटतं, लिनक्सला नाही. इन्क्लूडच्या ओळीत पहिलं अक्षर कॅपिटल आणि डिस्कवर फाइल सगळी स्मॉलमध्ये, हे घरी बिनबोभाट चालतं आणि लॅबमध्ये पडतं. फाइलींची नावं सरसकट स्मॉल ठेवा, स्पेसच्या जागी अंडरस्कोर. व्हीएचडीएल लिहिणाऱ्यांची इथे जास्त फसगत होते. भाषेत केसला किंमत नाही, म्हणून फाइलींतही नसेल असं वाटतं.

ओळीच्या शेवटाचं एका वाक्यात उरकतो. विंडोजवर गिट ओळींच्या शेवटी जादा कॅरेक्टर घालू शकतं, ते शेल स्क्रिप्टमध्ये शिरलं की लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' असा एरर येतो, म्हणून गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलीत शेल स्क्रिप्टला एलएफ (लिनक्सचा ओळीचा शेवट) सक्तीचं करा.

आता बोर्ड न सापडणं. लिनक्सवर विवाडो बसवताना केबलचे ड्रायव्हर आपोआप बसत नाहीत, कारण त्याला रूटचे, म्हणजे अॅडमिनचे, अधिकार लागतात. विवाडोच्या फोल्डरमध्ये डेटा, त्यात एक्सआयकॉम, त्यात केबल ड्रायव्हर्स, तिथून लिन६४ आणि इन्स्टॉल स्क्रिप्ट असं आत गेलात की ड्रायव्हर बसवणारी स्क्रिप्ट सापडते. ती लॅबच्या सरांकडून किंवा मॅडमकडून सुडोने (रूटच्या अधिकाराने) एकदाच चालवून घ्या. ती यूडेव्हचे नियम बसवते, म्हणजे साध्या युजरला त्या यूएसबी उपकरणाला हात लावायची परवानगी मिळते. नंतर बोर्ड काढून पुन्हा जोडा, नाहीतर नियम लागू होत नाहीत.

परवानगी मागायच्या आधी खात्री करून घ्या. बोर्ड जोडून एलएसयूएसबी ही यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा चालवा. यादीत बोर्डावरच्या एफटीडीआय यूएसबी चिपचं ०४०३:६०१० दिसलं तर केबल आणि बोर्ड ठीक आहेत, अडचण परवानगीची आहे. दिसलंच नाही तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका, आधी केबल बदला. फक्त चार्जिंगच्या मायक्रो यूएसबी केबली सगळीकडे पसरलेल्या आहेत. बोर्डाचा दिवा लागतो म्हणजे केबल चांगली, असं नाही. त्याच चिपचं दुसरं चॅनल यूएआरटी (सिरियल पोर्ट) म्हणून दिसतं. ते उघडताना परवानगी नाकारली तर तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये घालून घ्यावा लागेल.

आणि रूटचे अधिकार मिळालेच नाहीत तर? बेसिस ३ची एक सोय फार कमी जण वापरतात. पेन ड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा, मुळाशी एकच बिट फाइल ठेवा, बोर्डावरच्या यूएसबी होस्ट पोर्टला लावा आणि जेपी१ जंपर यूएसबीवर ठेवून बोर्ड चालू करा. चिप थेट पेन ड्राइव्हवरून कॉन्फिगर होते. ड्रायव्हर नको, सुडो नको. आयएलएवर, म्हणजे चिपच्या आतले सिग्नल दाखवणाऱ्या विवाडोच्या सोयीत, सिग्नल बघता येत नाहीत एवढीच त्याची मर्यादा.

माझी सगळ्यात आवडती मांडणी मात्र वेगळी आहे, आणि दोन सिस्टिममध्ये अडकलेल्या प्रत्येकाला मी तीच सुचवतो. बिल्ड जिथे होतं ते मशीन आणि बोर्ड जिथे जोडलाय ते मशीन एक असायची गरजच नाही. विवाडो बोर्डाशी बोलतो तो हार्डवेअर सर्व्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममार्फत, आणि तो टीसीपीच्या ३१२१ पोर्टवर ऐकतो. लॅपटॉपला बोर्ड जोडा, लॅपटॉपवर हार्डवेअर सर्व्हर चालू ठेवा, आणि लॅबच्या लिनक्स मशीनवरच्या विवाडोत हार्डवेअर मॅनेजर उघडून 'ओपन न्यू टार्गेट'मध्ये रिमोट सर्व्हर निवडा. बोर्ड तुमच्यासमोर, विवाडो दुसरीकडे. प्रोग्रॅमिंग होतं, आयएलएचे वेव्हफॉर्मही येतात. लॅपटॉपवर नुसता बोर्डच चालवायचा असेल तर अख्खा विवाडोही नको, लॅब एडिशन पुरतं. ते बरंच लहान आहे आणि त्याला परवाना लागत नाही. दोन्हीकडे आवृत्ती मात्र एकच ठेवा.

घरून हे करायचं असेल तर कॉलेजकडून लॅबच्या मशीनचा एसएसएच (दूरच्या मशीनला सुरक्षितपणे जोडायची सोय) प्रवेश मागा. विंडोज ११मध्ये एसएसएच क्लायंट आधीपासून असतो. लॅपटॉपवरून लॅबच्या मशीनला जोडताना ३१२१ पोर्टचा उलटा टनेल टाका. मग लॅबमधल्या विवाडोला तुमचा बोर्ड लोकलहोस्टवरच असल्यासारखा दिसतो. ३५टीचा बिटस्ट्रीम दोन एमबीच्या आसपासचा असतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही तो सहज जातो. घरच्या राउटरवर ३१२१ पोर्ट उघडा टाकू नका. हार्डवेअर सर्व्हर पासवर्ड विचारत नाही, ज्याला पोर्ट सापडेल तो तुमच्या मशीनशी बोलू शकतो. टनेलमधूनच जा.

बिल्ड लिनक्सवर करा असं म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. विवाडो काही टप्पे एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालवतो. ही संख्या न सांगता सोडली तर विंडोजवर २ असते आणि लिनक्सवर ८. विंडोजवरच बिल्ड करावं लागलं तर मॅक्सथ्रेड्सचं मूल्य स्क्रिप्टमध्ये स्वतः वाढवा, आणि प्रोजेक्टचा फोल्डर डिफेंडर या विंडोजच्या अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळा. विवाडो हजारो छोट्या फाइली लिहितो आणि डिफेंडर प्रत्येक उघडून बघतो. आणखी एक, दोन्ही सिस्टिमवर प्लेसमेंट तंतोतंत तीच येईल असं गृहीत धरू नका. टायमिंग काठावर असेल तर एकीकडे जमेल, दुसरीकडे थोडं हुकेल. सबमिशनचा बिटस्ट्रीम कोणत्या मशीनवर बनवायचा ते आधीच ठरवा.

डब्ल्यूएसएलबद्दल. डब्ल्यूएसएल २मध्ये विवाडो चालतो, पण उत्पादकाने मान्य केलेल्या सिस्टिमच्या यादीतली ही मांडणी नाही, म्हणून मदतीची अपेक्षा ठेवू नका. वापरणार असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा. सी ड्राइव्हवरच्या फाइली डब्ल्यूएसएलमधून उघडणं फार संथ असतं. मेमरी न सांगता सोडली तर ते रॅमच्या निम्म्यापर्यंतच जातं, म्हणजे तुमच्याकडे ८ जीबी. ३५टीला तेवढी पुरेल, मोठ्या चिपला नाही. यूएसबी आत नेता येतं, यूएसबीआयपीडी नावाचं साधन आहे, पण बोर्ड आत गेला की विंडोजला तो दिसेनासा होतो. त्यापेक्षा वरचाच मार्ग इथेही लावा: हार्डवेअर सर्व्हर विंडोजवर, विवाडो डब्ल्यूएसएलमध्ये. तुमच्याकडे लॅबचं खरं लिनक्स मशीन असताना मी डब्ल्यूएसएलच्या वाटेला जाणार नाही. पेटालिनक्स (बोर्डावर चालणारं लिनक्स बनवायचं साधन) हे मात्र फक्त लिनक्सवर चालतं. पुढे झिंकच्या (प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच चिपवर असलेल्या) बोर्डावर काम करायचं ठरवलंत तर हा विचार पुन्हा करावा लागेल.

स्वतःच्या मशीनवर उबुंटू घालणार असाल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. विवाडोचा इन्स्टॉलर शेवटाला 'जनरेटिंग इन्स्टॉल्ड डिव्हाइस लिस्ट'वर येऊन तासन्‌तास तिथेच बसला, तर डिस्क हळू आहे म्हणून वाट बघू नका. लिबटीइन्फो ५ आणि लिबएनकर्सेस ५ या जुन्या लायब्ऱ्या नसल्या की असं होतं. इन्स्टॉलर थांबवा, लायब्ऱ्या बसवा, पुन्हा चालवा. २२.०४मध्ये त्या भांडारातून मिळतात, २४.०४मधून काढल्या आहेत, म्हणून मी अजून २२.०४च सुचवतो. दुसरं, विवाडोची सेटिंग्ज६४ स्क्रिप्ट बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना दर वेळी चालणाऱ्या फाइलीत) कायमची घालू नका. विवाडोबरोबर आलेली साधनं सिस्टिमच्या साधनांआधी सापडू लागतात आणि भलतेच प्रोग्रॅम मोडतात. ज्या टर्मिनलमध्ये विवाडो चालवायचाय तिथेच ती चालवा.

ओपन सोर्स साधनं, म्हणजे सिंथेसिसचं योसिस आणि प्लेस-अँड-रूटचं नेक्स्टपीएनआर, वापरून बघायचा मोह झाला तर जरूर बघा, ती दोन्ही सिस्टिमवर छान चालतात. पण त्यांच्या सूचना वाचून विंडोजवर झॅडिग या साधनाने यूएसबीचा ड्रायव्हर बदललात की विवाडोला तोच बोर्ड दिसणार नाही. बदलण्याआधी मूळ ड्रायव्हर परत कसा आणायचा ते बघून ठेवा.

राहिला स्पार्टन-६. विवाडो ७-सिरीजपासून पुढे चालतो, त्यामुळे स्पार्टन-६ला तो उपयोगाचा नाही. त्याला विवाडोआधीचं आयएसई हे सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याची शेवटची आवृत्ती १४.७, २०१३ची. विंडोज १०साठी म्हणून जी १४.७ मिळते ती खरं तर व्हर्च्युअलबॉक्समधलं लिनक्स मशीन आहे, आत आयएसई आधीच बसवलेलं, आणि ती फक्त स्पार्टन-६साठीच आहे. तुमच्या मित्राला नेमकं तेच हवंय. आयएसईची जुनी विंडोजवरची आवृत्ती थेट बसवू नका, तिच्या ६४-बिट प्रोग्रॅममध्ये फाइल उघडायची खिडकी आली की तो बंद पडतो, आणि तो दुरुस्त करायला डीएलएलची अदलाबदल करत बसावं लागतं. स्पार्टन-६ची पिन फाइल यूसीएफ पद्धतीची असते, एक्सडीसी तिथे चालत नाही, त्यामुळे तुमचा प्रोजेक्ट त्या बोर्डावर जसाच्या तसा जाणार नाही. व्हेरिलॉग जाईल, क्लॉकचे आयपी नव्याने बनवावे लागतील. सबमिशन मार्चमध्ये असेल तर त्या बोर्डाला एप्रिलपर्यंत कपाटात राहू द्या. आणि त्याच्याबरोबर आलेली जेटॅग केबल (जिने चिप प्रोग्रॅम करतात ती) कोणत्या प्रकारची आहे ते दुकानदाराकडून आत्ताच विचारून घ्या, कारण व्हर्च्युअल मशीनमध्ये ती जोडून द्यावी लागते आणि ड्रायव्हर केबलप्रमाणे बदलतो.